टेस्टर वाजला, म्हणून हिरा खाणीतला?

लग्नसराई आली की घरच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: ‘हिऱ्यावर वाफ मारा, लगेच उडाली तर अस्सल. बर्फावर ठेवा, बर्फ वितळला तर अस्सल. हिरा तपासायचा टेस्टर वाजला तर शंभर टक्के खाणीतला. लॅबमध्ये बनवलेला हिरा नकली, त्यातून उष्णता जात नाही.’

वाफेची परीक्षा सोडूनच द्या. एवढ्याशा खड्यावरची वाफ तशीही उडते.

बर्फ मात्र खरंच वितळतो. पण ती उष्णता तुमच्या बोटांची, हिरा नुसता हमाल. लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं चिमटीत धरा आणि त्याची कड बर्फाला टेकवा. बर्फात खाच पडते, बोटं गारठतात. झालं का नाणं हिऱ्याचं?

आता टेस्टर. त्याचं टोक कोमट असतं. खड्याला टेकल्यावर ते किती झपाट्यानं निवतं, एवढंच तो बघतो. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० (वॉट प्रति मीटर-केल्विन), हिऱ्याची २००० च्या वर, अमेरिकन डायमंडची जेमतेम दोन-तीन. त्यामुळे अमेरिकन डायमंड लगेच पकडला जातो. मोइसनाइट हा हिऱ्यासारखाच दिसणारा खडा, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, मात्र तांब्याच्या पंगतीत बसतं आणि साधा टेस्टर बिनदिक्कत वाजतो. म्हणूनच नवे टेस्टर खड्यातून वीज जाते का, हेही तपासतात.

राहिला लॅबचा हिरा. धातूत उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन वाहतात. हिऱ्यात ते नसतातच. तिथे हलक्या, एकमेकांना घट्ट बांधलेल्या अणूंची थरथर पुढे सरकते. नुसता कार्बन असून भागत नाही. पेन्सिलीतलं ग्राफाइटही कार्बनच, पण त्याच्या थरांतून आडवी धावणारी उष्णता एका थरातून दुसऱ्यात जाताना शेकडो पटींनी मंदावते. महत्त्वाची ती रचना, आणि लॅबच्या हिऱ्याची रचना तीच असते.

उलट, निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्के अणू जड, कार्बन-१३ चे असतात आणि थरथर त्यांना अडखळते. १९९० मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी हे अणू जवळपास काढून टाकलेला हिरा बनवला. त्याची वाहकता नेहमीच्या हिऱ्यापेक्षा सुमारे ५० टक्के जास्त भरली. म्हणजे खाणीतल्याला मागे टाकणारा हा हिरा लॅबचाच!

खाणीतला की लॅबचा, हे वर्णपट तपासणाऱ्या प्रयोगशाळेला विचारा. टेस्टर दोघांनाही सारखाच वाजतो.