कनिंग कोण आणि श्रूड कोण

डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना कंटाळा आहे त्यांनी पुढे सरकावं.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर आज एका वर्गमित्राने हर्णै बंदरावरचा फोटो टाकला. कोळीण पाटीमागे बसलेली, पुढ्यात पापलेटचा वाटा. खाली साहेबांची इंग्रजीत ओळ की या बायका फार कनिंग, म्हणजे धूर्त असतात, सावध राहा. का, तर तिने आधी बाराशे सांगितले आणि घासाघीस केल्यावर आठशेला दिलं. त्यावर भराभर हसरे चेहरे आणि अंगठे.

आता गंमत ऐका. याच माणसाने मागे याच ग्रुपवर एका जमिनीच्या एजंटचं कौतुक केलं होतं. त्याच्याकडून समुद्र दिसणारा प्लॉट घेतला होता ना! तेव्हा शब्द होता श्रूड, म्हणजे व्यवहारात हुशार. 'व्हेरी श्रूड बिझनेसमन.' तो एजंट मला माहीत आहे. आमच्या आत्याच्या पडवीत बसून गेलाय तो.

आयुष्यभर पोरांना इंग्रजी शिकवलं, म्हणून जास्त झोंबलं. कनिंग हा शब्द जन्माने वाईट नाही हो. 'कॅन' म्हणजे येणं, जमणं, त्याच घरातला तो. कनिंग म्हणजे जाणकारी, हातातलं कसब. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात दावीद वीणा वाजवण्यात कनिंग आहे, म्हणजे तरबेज. क्राफ्टी, म्हणजे कावेबाज, त्याचंही तेच. क्राफ्ट म्हणजे मुळात बळ, जर्मन माणूस आजही ताकदीला क्राफ्टच म्हणतो. आणि श्रूड? हा शब्द सुरुवातीला चक्क शिवी होता. दुष्ट, वाईट चालीचा असा अर्थ. पुढे तो धुऊनपुसून, कोट घालून ऑफिसात जाऊन बसला. जाणकार बदनाम झाला आणि दुष्टाला बढती मिळाली. इंग्रजांच्या भाषेत कधीकाळी हे घडलं, ठीक आहे. पण आपण ते उचलून हर्णैच्या वाळूत कुणाच्या कपाळावर चिकटवतोय?

आत्याचं सांगते. एजंट आला तो भर उन्हात. आत्या ऐंशीच्या पुढची, घरात एकटी. तिने कोकम सरबत दिलं. हा म्हणाला, "आजी, सातबारावर अजून मेलेल्यांचीच नावं आहेत, वारसनोंद करायला मदत करतो." आत्याला काय, कुणीतरी घरच्यांची चौकशी करतंय याचाच आनंद. तिने अख्खी वंशावळ तोंडपाठ सांगितली. कोण मुंबईला गेलं, कोण डोंबिवलीत, कुणाची गिरणी बंद पडली, कुणाचं कुणाशी पटत नाही. आणि तो वहीत उतरवून घेत होता.

हर्णैच्या बाईकडे परत येते. ती लिलावात रोख पैसे मोजून माल उचलते. वर बर्फ स्वतःचा, टेम्पो स्वतःचा. दुपार कलली की त्याच पापलेटला निम्मा भाव येत नाही. भाव छापलेला नसतो, म्हणून ती आधी चढा सांगते. तुम्ही पाडणार हे तिला ठाऊक, ती चढा सांगणार हे तुम्हाला ठाऊक. गाडीची पाटी एमएच १२ दिसली की आकडा आणखी चढतो, हेही खरं. मग? डोळ्यांत डोळे घालून चाललेला व्यवहार आहे तो. कल्ले उघडून बघा, पटलं तर घ्या, नाहीतर पुढच्या पाटीकडे जा. जून-जुलैत मासेमारी बंद, ते दोन महिने तिच्या घरात काय शिजतं ते विचारलंय कुणी? जुन्या अर्थाने म्हणाल तर आहेच ती कनिंग. तिला येतं.

हो, शिळा माल खाली लपवणाऱ्याही असतात. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरणारे तर आपलेच. मान्य. पुढे.

इंग्रजीत या बाबतीत शब्दांना तोटा नाही. स्लाय मला आवडतो, त्यात ओठाच्या कोपऱ्यातलं हसू आहे. आपण नातीला 'लबाड कुठली' म्हणतो ना, त्याच्या जवळचा. वायली म्हणजे अनेक सापळ्यांतून निसटून शहाणं झालेलं जनावर, आपल्याकडचा बेरकी. कॅनी हा स्कॉटलंडकडचा, जपून खर्च करणारा, आमच्या आजोबांसारखा. आणि एक आहे डीव्हियस, आडमार्गाने डाव साधणारा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ रस्ता सोडून गेलेला. एजंटला हा शोभतो. कारण पडवीतून उठून तो तलाठ्याकडे गेलाच नाही, तो गेला डोंबिवलीला.

तिथे आमचा एक चुलतभाऊ. गावाला वर्षानुवर्षं न आलेला, आजारपणाने पिचलेला. सामाईक जमिनीतला त्याचा हिस्सा एजंटने पडेल भावात लिहून घेतला. आता सातबारावर आमच्या नावांच्या रांगेत हा, आणि वर आम्हालाच सांगतो की सगळे मिळून विका, नाहीतर कुंपण घालतो. चुलतभावावर माझा राग नाही. त्याला औषधांना पैसे हवे होते आणि आमच्यापैकी एकानेही फोन केला नव्हता. रडला बिचारा फोनवर.

कायद्यात बसतं म्हणे हे सगळं. बसत असेल. पण एका म्हातारीच्या आठवणीतून घरातला सगळ्यात अडलेला माणूस हुडकून काढायचा, याला मराठीत पाताळयंत्री म्हणतात. कोट घातलेला शब्द वापरून ते धुतलं जाणार नाही. आणि आत्या अजून म्हणते, "माणूस बोलायला किती गोड होता गो!" तिला खरं काय ते सांगायची कुणाचीच हिंमत नाही.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. तिथे 'मॅडम सिरियस झाल्या' एवढंच झालं असतं. इथे लिहितेय कारण इथली माणसं माझी आहेत, तुम्हाला फोड करून सांगावी लागत नाही.

घरच्यांसाठी महत्त्वाचं: मोजणीचा अर्ज केलाय, तारीख बहुतेक गणपतीनंतर लागेल. सातबारावर नाव असलेल्या प्रत्येकाने स्वतः यायचं. मुखत्यारपत्र कुणालाही लिहून द्यायचं नाही, कितीही गोड बोलला तरी. डोंबिवलीच्या दादाला आणायला कोण जाणार ते कमेंटमध्ये सांगा. गाडीचा खर्च माझा.