मिठातल्या आयोडीनची सक्ती मला का मान्य आहे

गेल्या महिन्यात विट्याला भाचीच्या डोहाळजेवणाला गेले होते. ओट्यावर काचेच्या बरणीत गुलाबी सैंधव होते. "पाकिटातले मीठ आम्ही बंदच केले आहे, त्यात केमिकल असते," असे तिच्या सासूबाईंनी समाधानाने सांगितले. सुनेच्या काळजीपोटीच त्यांनी हे केले होते, म्हणून मला अधिक वाईट वाटले.

सैंधव काय किंवा खडे मीठ काय, त्यांत आयोडीन नगण्य असते. आयोडीन आपल्याला मुख्यतः जमिनीतून, अन्नावाटे मिळते आणि अतिपावसाच्या व पुराच्या मुलखात ते मातीतून वाहून जाते. आयोडीन कमी पडून होणारा गलगंड, म्हणजे गळ्यावरची सूज, निदान डोळ्यांना दिसतो. पण गरोदरपणात आयोडीनची मोठी कमतरता राहिली, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. सुरुवातीचे काही आठवडे तर दिवस गेल्याचे आईलाही ठाऊक नसते.

आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात १९५६पासून वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे दाखवून दिले आणि १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

तरीही मिठावर सरकारी सक्ती म्हटले की आपल्या देशात १९३० आठवणारच, आणि तो आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. साध्या, म्हणजे आयोडीन न घातलेल्या, खाद्य मिठाच्या विक्रीवरील केंद्राची बंदी २००० साली उठली आणि २००६ साली परत आली. भेसळ रोखण्यासाठी केलेल्या कायद्याखाली अशी सक्ती करता येत नाही, असे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, ते योग्यच होते. पुढे ती अन्नसुरक्षा कायद्याखाली आली. माझ्या ताटात काय असावे हे मी ठरवावे, हे खरे. पण इथे त्या निवडीची किंमत जन्माला न आलेले मूल मोजते, म्हणून मी सक्तीच्या बाजूने आहे. मात्र सक्ती करणाऱ्या सरकारने सर्वांत स्वस्त पाकिटातही ग्राहकापर्यंत किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन पोहोचते की नाही, हे तपासलेच पाहिजे आणि लहान मिठागरवाल्यांना त्यासाठी हात दिला पाहिजे.

परवा भाचीचा फोन आला. आयोडीनचे मीठ आणून घट्ट झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून लांब ठेवले आहे म्हणाली. सैंधव सासूबाईंच्या उपवासापुरते राहिले आहे.