‘बग’ हा शब्द त्या पाखरावरून आलेला नाही

दर सप्टेंबरात, अभियंता दिन जवळ आला की कोल्हापुरातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. 1945 साली अमेरिकेत ग्रेस हॉपर या कॉम्प्युटरतज्ज्ञ बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये एक पाखरू अडकलं, बाईंनी ते चिमट्यानं काढलं, त्यावरून बिघाडाला ‘बग’ (म्हणजे किडा) हा शब्द त्यांनी दिला आणि पुढं त्रास देणाऱ्याला ‘डोंट बग मी’ म्हणायची पद्धत पडली, असं त्यात असतं. मेसेज तिथून पोस्टरवर जातो, सेमिनारच्या स्लाइडवर जातो. शिकणाऱ्या पोरांच्या डोक्यात चुकीचं जातंय, म्हणून एकेक गोष्ट तपासून घेऊ.

पाखरू खरं आहे, हे आधी सांगतो. साल मात्र 1945 नाही, 1947. तारीख 9 सप्टेंबर. हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या यंत्रात पॅनल एफवरच्या 70 नंबरच्या रिलेत, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचात, ते सापडलं. ऑपरेटरांनी ते चिकटपट्टीनं लॉगबुकाच्या पानावर चिकटवलं. ते पान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडं आजही आहे, पाखरासकट.

आता त्या पानावर पाखराखाली काय लिहिलंय ते नीट वाचा: ‘फर्स्ट ॲक्चुअल केस ऑफ बग बीइंग फाउंड’. म्हणजे, खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. यातला ‘ॲक्चुअल’ सोडून पुढं जाऊ नका. बिघाडाला बग म्हणायची सवय त्या लोकांना आधीपासून नसती, तर ‘खराखुरा’ लिहायचं कारणच काय होतं? रोज ज्याला नुसतं म्हणायला बग म्हणत होतो, तो आज पंखांसकट हाती लागला, ही त्यातली गंमत. शब्द त्या दिवशी जन्मला याचा पुरावा म्हणून जे पान दाखवतात, तेच पान शब्द जुना असल्याचं सांगतं.

किती जुना? थॉमस एडिसनचं 13 नोव्हेंबर 1878 चं एक पत्र आहे, थिओडोर पुश्काश या आपल्या सहकाऱ्याला लिहिलेलं. एखादी कल्पना सुचते, पण मग अडचणी सुरू होतात आणि ‘बग’ (अशा लहानसहान दोषांना आणि अडचणींना हेच म्हणतात) डोकं वर काढतात, मग महिनोन्महिने डोळ्यांत तेल घालून राबावं लागतं, असा त्याचा आशय. इथंही ‘म्हणतात’ आहे. शब्द मी काढला, असं एडिसनही म्हणत नाही. तो कामाच्या जागी आधीच चालू होता. 1896 च्या विजेवरच्या एका पुस्तकात विद्युत उपकरणाच्या जोडणीतल्या किंवा चालण्यातल्या दोषाला बग म्हणतात, अशी नोंदही छापली आहे. पाखरू सापडायच्या 51 वर्षं आधी!

आपल्या उद्यमनगरात हे वेगळं सांगायला नको. कास्टिंगमध्ये ‘ब्लो होल’ (ओतलेल्या धातूत हवेनं राहिलेलं भोक) निघालं, असं पोरगा कामाला लागल्यावर आठवड्याभरात बोलायला लागतो. तो शब्द कुणी कधी आणला, हे कुणी विचारत नाही. कामाचे शब्द हात काळे करणाऱ्यांच्या तोंडी रुळतात आणि पुस्तकात मागनं येतात. ‘बग’चं श्रेय एकाच माणसाला देताना त्या सगळ्या निनावी कारागिरांचं श्रेय आपण पुसून टाकतो, आणि मला खरा राग त्याचाच आहे.

हॉपर यांनी स्वतः ते पाखरू काढलं, हेही बरोबर नाही. सापडलं ते ऑपरेटरांना. बाई तो किस्सा पुढं आवडीनं सांगायच्या, म्हणून नाव त्यांना चिकटलं.

बग म्हणजे मुळात किडाच, हेही अर्धवट. किडा हा अर्थ इंग्रजीत 17 व्या शतकातला. त्याआधी या शब्दाचा अर्थ बागुलबुवा, भूत असा होता. 1535 च्या, कव्हरडेलनं केलेल्या इंग्रजी बायबलात 91 व्या स्तोत्रात रात्रीच्या ‘बग्ज’ना भिऊ नकोस असं आहे, तिथं ढेकूण-झुरळं अभिप्रेत नाहीत. भुताचा बग आणि किड्याचा बग एकच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

राहिलं ‘डोंट बग मी’. त्रास देणे, डोकं उठवणे या अर्थाचं हे क्रियापद 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन बोलीत दिसतं, आणि त्याचा माग बहुधा जातो स्विंग या जॅझच्या प्रकारातल्या संगीतवाल्यांच्या बोलीकडं. अंगावर येऊन छळणाऱ्या किड्यांवरून ते आलं असावं, असं कोशकार मानतात. तेव्हा कॉम्प्युटर जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते; त्यातल्या बिघाडाचा शब्द वादकांच्या तोंडी जायचा रस्ताच नव्हता.

पोस्टरवर ग्रेस हॉपर यांचा फोटो जरूर लावा. खाली पाखराऐवजी 1952 चा त्यांचा ‘ए-झिरो’ कंपायलर (माणसानं लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) लिहा, कोबोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या घडणीतला त्यांचा वाटा लिहा. ते काम त्यांचं स्वतःचं आहे.