साखळी, लॉक आणि एक रेघ

पेरणी यंत्राची साखळी, म्हणजे चाक फिरलं की पेटीतलं बी खाली सोडायला लावणारी, अकरा महिने कोपऱ्यात पडून असते. तेव्हा ती तुटत नाही. वाफसा येतो, आभाळ भरतं, पेटीत बियाणं ओतून होतं, आणि मग तिला आठवतं की आपण फार थकलोय.

यंदा मी शहाणपणा केला. साखळी आधीच काढली, धुतली, ताणून मोजली. १२.७ मिमी पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) शंभर कड्या म्हणजे १२७ सेंमी भरायला हव्यात. भरल्या १३०. साखळी ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबर नव्हे. आतल्या पिना आणि त्यांच्याभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुश, झिजतात, दर कडीला केसभर ढिलाई येते आणि शंभर केसांचे तीन सेंटीमीटर होतात. (माझ्या डोक्यावर हा हिशेब उलटा चाललाय, ते असो.)

नवी साखळी आणली. “स्प्रॉकेटही बदल रे, झिजलेले दाते नव्या साखळीला खातात,” अण्णा म्हणाले. स्प्रॉकेट म्हणजे साखळी ज्यावर फिरते ते दातेरी चाक. दाते मांजराच्या नखांसारखे वाकले होते. मी “हो” म्हणालो. बदलले नाहीत.

आता साखळीची दोन टोकं जोडणाऱ्या जोडकडीचं लॉक. ही चीज नखाएवढी. पक्कडीनं दाबली की एकतर बसते, नाहीतर उडते. उडताना ‘टिंग’ असा आवाज येतो, पडताना येत नाही. चिरंजीव चुंबक घेऊन तासभर माती चाळत होते. दोन खिळे मिळाले, एक नट मिळाला आणि एक लॉक मिळालं. ते मागच्या वर्षीचं होतं. तेच बसवलं.

बसवलं, पण उलटं. लॉकचं बंद तोंड साखळी धावते त्या दिशेला हवं; मी उघडं तोंड पुढे ठेवलं. तिसऱ्या फेरीत ते कधी निसटलं आणि साखळी कधी सुटली, कळलंच नाही. चाक फिरतंय, फण माती उकरतायत, मी शीळ घालतोय. फक्त बी पडत नव्हतं. बांधाशी वळताना पेटीत डोकावलो, तर बियाणं जसंच्या तसं. आधी वाटलं, काय बचत झाली!

मार्करचं, म्हणजे पुढच्या फेरीसाठी मातीत रेघ ओढणाऱ्या दांड्याचं, गणित मात्र पाठ होतं. चार ओळी, ४५ सेंमी अंतर, म्हणजे यंत्राच्या मध्यापासून १८० सेंमीवर रेघ ओढणारी तबकडी. रेघ सुरेख उमटली. एवढंच, की ही लांबी धरली तर रेघेवर ट्रॅक्टरचं नाक ठेवायचं असतं. रेघेवर चाक चालवायचं असेल तर पुढच्या दोन चाकांतलं निम्मं अंतर आधी वजा करावं लागतं. मी एका फेरीला नाक ठेवलं, पुढच्या फेरीला चाक.

आठवड्यानं उगवण झाली आणि माझं अक्षर सगळ्यांना वाचता आलं. एका पट्ट्यात नांग्याच नांग्या (बी न उगवलेल्या रिकाम्या जागा), आणि मधेच दोन ओळींत १०५ सेंमी मोकळी जागा. अण्णा हात मागे बांधून त्या जागेतून सावकाश टोकापर्यंत चालत गेले, तसेच परत आले.

“रस्ता बरा काढलायस,” ते म्हणाले. “जातो कुठं?”