ग्लायडर आपोआप जन्मतो, कॉम्प्युटर नाही

गणितज्ञ जॉन कॉन्वे यांच्या ‘गेम ऑफ लाइफ’ या चौकटींच्या पटावरच्या खेळाचा एक छोटा व्हिडिओ आणि त्याखालचा मजकूर अधूनमधून फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा: नियम दोन-चार, बाकी सगळं आपोआप. पाच घरांचे ‘ग्लायडर’ नावाचे जीव जन्मतात, पटावर फिरतात, एकमेकांना निरोप पोचवतात. त्यांच्या वेगावर प्रकाशासारखी मर्यादा येते. शेवटी त्यांच्यातूनच कॉम्प्युटर उभा राहतो, म्हणजे विश्वही एक कॉम्प्युटरच.

ग्लायडर आपोआप जन्मतात, हे खरंच आहे. पटावरचं प्रत्येक घर जिवंत किंवा मेलेलं असतं, आणि दर पावलाला, म्हणजे दर ‘पिढी’ला, नियम लागू होतात: जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ते टिकतं, नाहीतर मरतं; मेलेल्या घराला नेमके तीन असले तर ते जिवंत होतं. एवढ्यावरच ‘आर-पेंटोमिनो’ ही पाच घरांची वेडीवाकडी आकृती 1103 पिढ्या धुमाकूळ घालते आणि जाता जाता सहा ग्लायडर सोडते. तिचा माग काढतानाच कॉन्वे यांच्या गटातल्या रिचर्ड गाय यांना पहिला ग्लायडर दिसला. तो कुणी घडवलेला नव्हता.

‘फिरतात’ या शब्दावरही फार भांडू नये. चार पिढ्यांनी तीच आकृती तिरकं एक घर सरकून पुन्हा दिसते, पण जागचं कोणतंच घर हलत नाही. गणपतीच्या मखरावरच्या धावत्या माळेतला दिवा तरी कुठे धावतो?

वेगाच्या मर्यादेचं कौतुक मात्र अनाठायी आहे. नियमच असा की प्रत्येक घर फक्त लगतच्या आठ घरांकडे बघतं. मग एका पिढीत एका घरापलीकडे काही पोचणारच कसं? मर्यादा नियमातच लिहिलेली आहे, ती कुणाला सापडलेली नाही.

आता निरोपाचा मुद्दा. खरी गफलत इथे आहे. एकटा ग्लायडर कसलाच निरोप नेत नाही. तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेवर येणं अपेक्षित असेल तरच त्याच्या येण्याला ‘एक’ आणि न येण्याला ‘शून्य’ म्हणता येतं. त्यासाठी आधी घड्याळ लागतं. ते 1970 च्या नोव्हेंबरात मिळालं. अमर्याद वाढणारी आकृती शोधणाऱ्याला कॉन्वे यांनी 50 डॉलर लावले होते. एमआयटीतल्या बिल गॉस्पर यांच्या चमूने दर 30 पिढ्यांनी एक ग्लायडर सोडणारी ‘गन’ शोधून ते जिंकले. या गनच्या अखंड प्रवाहाला दुसरा, निरोपाचा प्रवाह काटकोनात आडवा घाला. जिथे निरोपात ग्लायडर आहे तिथे दोघे आपटून नाहीसे होतात, जिथे नाही तिथे गनचा ग्लायडर सुखरूप पुढे जातो. पलीकडे निघतो तो उलटा निरोप: एकाचा शून्य, शून्याचा एक. हे झालं ‘नॉट गेट’, कॉम्प्युटरच्या मूळ घटकांपैकी एक. पण टक्कर एका पिढीने चुकली तर पटावर राडा उरू शकतो. शिवाय गनमधून निघालेले दाट प्रवाह एकमेकांतून आरपार जाऊ शकत नाहीत, म्हणून कॉन्वे यांना ते आधी विरळ करावे लागले. नको असलेले ग्लायडर गिळायला सात घरांचा ‘ईटर’ बसवावा लागतो. आणि सिग्नल दरवेळी ग्लायडरच असतो असंही नाही. 1990 च्या दशकात डेव्हिड बकिंगहॅम यांनी स्थिर आकृत्यांमधून ‘हर्शेल’ नावाची सात घरांची आकृती पुढे नेणारे मार्ग रचले. तिथे सिग्नल वाटेत रूप बदलतो, तरी निरोप तोच राहतो. म्हणजे निरोप ग्लायडरच्या पोटात नसतो, तो भोवतालच्या मांडणीत असतो. आणि मांडणी माणसाने केलेली असते.

म्हणूनच ‘कॉम्प्युटर उभा राहतो’ हे वाक्य ‘उभा केला’ असं हवं. तो शक्य आहे याचा आराखडा 1982 मध्ये छापून आला, पण पॉल रेंडेल यांनी पूर्ण ट्युरिंग मशीन (गणन करणाऱ्या यंत्राचा सैद्धांतिक नमुना) प्रत्यक्ष मांडून दाखवलं ते 2000 मध्ये. चुकीच्या ठिकाणी एक भटका ग्लायडर घुसला तरी असलं यंत्र कोलमडतं. पट यादृच्छिक भरून सोडून द्या, बहुतेक वेळा शेवटी उरतात त्या ब्लॉक, ब्लिंकर, बीहाइव्ह अशा छोट्या, स्थिर किंवा जागच्या जागी लुकलुकणाऱ्या आकृत्या. कुणी म्हणेल, पट अनंत असेल तर कुठे तरी रेंडेल यांचं यंत्रही सापडेलच. सापडेल, पण ते पहिल्याच मांडणीत योगायोगाने पडलेलं असेल. त्याचं श्रेय ग्लायडरना कसं द्यायचं?

राहिलं विश्व. कोणतंही गणन करू शकणं ही फार दुर्मीळ गोष्ट नाही. ‘रूल 110’ हा एकाच ओळीत चालणारा नियमही ते करतो. मॅथ्यू कुक यांची सिद्धता 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. तेवढ्या गुणावरून विश्वाशी नातं जुळत नाही. उलट ‘लाइफ’ तर भूतकाळ पुसत जातो: दोन ग्लायडर आपटून नाहीसे झाले की रिकाम्या पटावरून ते कधी होते की नव्हते हे कळायची सोय नाही. भौतिकशास्त्राचे सूक्ष्म पातळीवरचे ज्ञात नियम माहिती अशी पुसत नाहीत. विश्वाला पटावर बसवायची हौसच असेल, तर एडवर्ड फ्रेडकिन आणि टोमासो टोफोली यांच्या, चेंडूंच्या टकरींनी गणन करायच्या ‘बिलियर्ड बॉल’ कल्पनेवरून नॉर्मन मार्गोलस यांनी 1984 मध्ये मांडलेला ऑटोमॅटन, म्हणजे ‘लाइफ’सारखाच नियमांवर चालणारा घरांचा पट, घ्यावा. तिथे दोन सिग्नल भिडले तरी नाहीसे होत नाहीत, वाट बदलून पुढे जातात, आणि खेळ उलटा चालवला की सुरुवातीची मांडणी जशीच्या तशी परत मिळते.