मेण उकळायचं नसतं

दिवाळी जवळ आली की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक कृती फिरायला लागते. ‘जुन्या मेणबत्त्यांचे तुकडे कढईत उकळा, मेणखडूचा रंग आणि आवडतं अत्तर घाला, सुती दोरा सोडून काचेच्या ग्लासात ओता, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. दहा मिनिटांचं काम, मुलंसुद्धा करतील. मेण पेटलंच तर पाणी मारा.’ दहा मिनिटांत अर्धा तास कसा मावतो हा प्रश्न बाजूला ठेवू. आधी शेवटचं वाक्य घेऊ, कारण माणूस भाजतो तो त्यानेच.

वितळलेलं मेण पाण्यापेक्षा हलकं असतं. पेटत्या मेणावर टाकलेलं पाणी तळाशी जातं आणि तिथल्या उष्णतेने त्याची क्षणात वाफ होते. त्या वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते, म्हणून ती वरचं जळतं मेण उडवून देते, कधी छतापर्यंत. करायचं ते असं: गॅस बंद, झाकण बाजूने सरकवून भांड्यावर घट्ट, आणि भांडं जागचं हलवायचं नाही. झाकण लगेच उघडून डोकवायचंही नाही. अर्थात नीट बसणारं झाकण गॅस लावण्याआधीच हाताशी हवं.

‘उकळा’ हे त्याच्याच तोडीचं. साधं पॅराफिन, म्हणजे नेहमीच्या मेणबत्तीचं मेण, ६० अंशांच्या आसपास वितळतं आणि २०० च्या आसपास त्याची वाफ आचेने पेट घेऊ शकते. दुधासारखं ते वर येऊन सांगत नाही. बुडबुडे दिसलेच तर ते मेणात शिरलेल्या पाण्याचे. पांढरट धूर दिसला तर उशीर झालाय, लगेच गॅस बंद करा. म्हणून कढई थेट आचेवर नको. मोठ्या भगोन्यात पाणी घ्या, तळाशी कुकरची जाळी ठेवा आणि तिच्यावर मेणाचं चोचीचं भांडं. पाणी १०० अंशांपुढे जात नाही, त्यामुळे मेणही जात नाही. पण पाणी आटलं की हे संरक्षण संपतं, म्हणून दर दहा मिनिटांनी पातळी पाहा. थर्मामीटरवर ७५ ते ८० दिसलं की पुरे.

सुती दोऱ्याची गंमत अशी की निरांजनात तो उत्तम चालतो. तिथे आपण काडीने वात पुढे सारतो, काजळी झाडतो. मेणबत्तीची काजळी झाडत कोण बसणार? पिळाचा दोरा ज्योतीत ताठ उभा राहतो, टोकाला काळं बोंड धरतं, ज्योत वाढते आणि धूर सुटतो. विणलेली वात जळताना एका बाजूला कलते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जातं. अशी वात १८२५ मध्ये फ्रान्समध्ये निघाली. त्याआधी लोक कात्री घेऊन टोकं कापत असत.

वातीची जाडी ग्लासाच्या रुंदीवर ठरते आणि ती जाळूनच कळते. पहिली मेणबत्ती समोर बसून तीन तास जाळा. वितळलेलं मेण काठापर्यंत पोचलं आणि सेंटीमीटरभर खोल झालं, तर वात बरोबर. मधेच विहीर पडली तर जाड वात घ्या. ज्योत नाचते, काठ काळा होतो, काचेला हात लावता येत नाही, तर बारीक. दर वेळी पेटवण्याआधी वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापा.

मेणखडूतला रंग मेणात विरघळत नाही, त्याचे कण वातीत अडकतात आणि ज्योत मिणमिणते. खाण्याचा रंग पाण्यात मिसळणारा. तो तळाशी थेंब होऊन बसतो आणि पुढे तडतडतो. तेलात विरघळणारा मेणाचाच रंग घ्या, चिमूटभर पुरतो.

अत्तर म्हणून फवाऱ्याची बाटली ओतणं म्हणजे गॅसशेजारी अल्कोहोल ओतणं. मेणबत्तीसाठीचं सुगंधी तेल घ्या, मेणाच्या वजनाच्या ६ टक्के. २०० मिलिलिटरचा ग्लास वर दीड सेंटीमीटर सोडून भरायचा तर १४० ग्रॅम मेण आणि ८ ग्रॅम तेल, काट्यावर मोजून. गॅस बंद केल्यावर घाला आणि दोन मिनिटं हळू ढवळा. जास्त घातलं की मेणबत्तीला घाम फुटतो.

ग्लास जाड, उष्णता सोसणारा हवा. सरबताचा पातळ ग्लास तडकतो. करवंटी तर स्वतःच सरपण.

मुलांनी वात मधोमध धरणारी काडी बसवावी, चिठ्ठी चिकटवावी. ओतणं मोठ्यांचं, कारण ७० अंशांचं मेण कातडीला चिकटतं. सांडलंच तर २० मिनिटं नळाच्या पाण्याखाली धरा, मेण ओरबाडू नका. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

राहिला फ्रीज. बाहेरचं मेण झटकन आकसतं, भेगा पडतात, काचेपासून सुटतं. बाहेरच ठेवा, २४ तास. पॅराफिन असेल तर वातीभोवती खड्डा पडेलच. थोडं मेण राखून ठेवा आणि नंतर त्यात भरा. जानेवारीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरात रात्री पारा ६-७ वर येतो, तेव्हा थंड ग्लासच फ्रीजचं काम करतो. तो आधी कोमट करून घ्या. मे महिन्यात उलटं. ग्लासात ओतायचं सोया मेण ४६ ते ५२ अंशांना वितळतं आणि बाहेर पारा ४५ वर असतो, मग गच्चीच्या खोलीत ठेवलेली मेणबत्ती काडी न लावताच मऊ पडते.