स्क्रीन ठणठणीत, तरी सगळंच भंगारात

सगळं एकातच म्हणे! ऑल-इन-वन म्हणजे स्क्रीनच्या मागेच अख्खा कॉम्प्युटर बसवलेलं मशीन. त्याचा मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट बोर्ड, गेला की त्याच्यासोबत चांगली २७ इंची स्क्रीनही भंगारात, कारण बऱ्याच मॉडेलांत ती नुसता मॉनिटर म्हणून वापरायची सोयच नसते. रॅम वाढवावी तर कित्येकांत ती बोर्डालाच सोल्डर करून टाकलेली. उघडायचं तर आधी काचेभोवतीची चिकटपट्टी कापत बसा, आणि हात जरा हलला की काच तडकलीच!

याउलट साधा डेस्कटॉप. एटीएक्स हे मदरबोर्डाच्या मापाचं मानक आलं १९९५ मध्ये, आजही त्याच मापाचे बोर्ड मिळतात. पॉवर सप्लाय जळला? चार स्क्रू काढा, नवा बसवा, काम सुरू. टेबलावर वायरी दिसतात म्हणून एवढी सोय घालवायची? दिसू देत की वायरी! माझ्या मशीनची रॅम मला माझ्या हाताने बदलता आलीच पाहिजे.